अर्दा तुरान : चेंडू थांबवणारा विंगर

नदीकाठ (धागाकर्ता)

मे २०२५ मध्ये अर्दा तुरान युक्रेनच्या शाख्तार दोनेत्स्क संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. ही बातमी वाचल्यापासून खेळाडू म्हणून त्याच्या कारकिर्दीविषयी सविस्तर लिहावे, असे मनात होते. मराठीत युरोपीय फुटबॉलवर जे थोडेफार लिहिले जाते ते बहुतांशी गोल करणाऱ्यांभोवती फिरते, आणि तुरान त्या पंगतीत बसणारा नव्हता. स्पेनच्या आत्लेतिको माद्रिदकडून तो १७८ सामने खेळला आणि त्यांत त्याने २२ गोल केले. विंगरच्या, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूच्या, मानाने हा आकडा लहानच आहे. तरीही २०११ ते २०१५ या चार वर्षांत त्या संघाने जे मिळवले ते तुरानवाचून मिळाले असते, असे मला वाटत नाही. का वाटत नाही, हे मांडण्यासाठी हा धागा काढतो आहे.

तुरानचा जन्म ३० जानेवारी १९८७ रोजी इस्तंबूलमध्ये झाला आणि त्याचे लहानपण त्याच शहरातल्या बायराम्पाशा या कष्टकऱ्यांच्या भागात गेले. तिथल्याच गालातासाराय क्लबच्या युवा विभागात तो लहान वयातच दाखल झाला आणि जानेवारी २००५ मध्ये, म्हणजे अठरावे वर्ष पुरे होण्याच्या काही दिवस आधी, मुख्य संघातून पहिला सामना खेळला. तेव्हा प्रशिक्षक होता गेओर्गे हाजी, ज्याची दहा क्रमांकाची जर्सी गालातासारायच्या चाहत्यांना देवघरातल्या वस्तूसारखी होती. मध्यंतरी तुरानला अर्ध्या हंगामासाठी मनिसास्पोर या क्लबकडे उसना पाठवण्यात आले. तिथे नियमित सामने मिळाले, अंगात जोम आला आणि परतल्यावर त्याने डावी बाजू जी धरली ती सोडली नाही. २००७-०८ च्या लीग विजेतेपदात त्याचा वाटा होता. २००९ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो गालातासारायचा कर्णधार झाला आणि हाजीचा दहा क्रमांकही त्याच्याकडेच आला.

तुर्कस्तानाबाहेरच्या लोकांना त्याचे नाव कळले ते २००८ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत. ११ जून रोजी बाझेलमध्ये यजमान स्वित्झर्लंडविरुद्धचा तो सामना ज्यांनी पाहिला असेल त्यांना तो पाऊस आठवत असेल. पहिल्या अर्धात मैदानावर इतके पाणी साचले होते की चेंडू चालता चालता मध्येच थांबत होता, आणि स्वित्झर्लंडचा गोलही अशाच एका पाण्यात रेंगाळलेल्या चेंडूवर झाला. तो करणारा हाकान याकिन आणि त्याला चेंडू देणारा एरेन देर्दियोक हे दोघेही तुर्की वंशाचे. सेमिह शेंतुर्कने बरोबरी साधली. ९० मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत दुसऱ्या मिनिटाला तुरान डावीकडून आत वळला, उजव्या पायाने फटका मारला, तो बचावपटूला लागून उडाला आणि गोलरक्षकाच्या डोक्यावरून जाळ्यात गेला. यजमान स्पर्धेबाहेर गेले.

या गोलापेक्षा माझ्या लक्षात राहिली ती त्याआधीची त्याची चाल. वेगाने धावून बचावपटूला मागे टाकावे, अशी घाई त्यात नव्हती. तो चेंडूसह जवळजवळ उभाच राहिला, समोरच्याने पाऊल टाकेपर्यंत थांबला, आणि मग वळला. पुढे आत्लेतिकोत हीच खोड त्याची ओळख बनली.

ऑगस्ट २०११ मध्ये आत्लेतिकोने त्याला सुमारे १ कोटी २० लाख युरोंना घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात दिएगो सिमेओने प्रशिक्षक म्हणून आला. सिमेओनेचा संघ कसा खेळायचा हे थोडक्यात सांगायला हवे, कारण तुरानची किंमत त्या मांडणीतच कळते. चार बचावपटू, त्यांच्यापुढे चार जणांची दुसरी फळी, दोन्ही रांगा एकमेकींना चिकटून, आणि चेंडू बहुतेक वेळ प्रतिस्पर्ध्याकडे. अशा संघाला चेंडू मिळतो तेव्हा दहाही जण स्वतःच्या अर्धात असतात आणि दमलेले असतात. त्या क्षणी चेंडू नुसता पुढे भिरकावला तर तो पाच सेकंदांत परत येतो आणि बचाव पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. कोणीतरी तो पायाखाली घेऊन, अंगावर दोन जण ओढून, पाठ वळवून सहा-सात सेकंद टिकवावा लागतो, म्हणजे मागच्यांना श्वास घेता येतो आणि बाजूचा बचावपटू वर धावू शकतो. हे काम तुरान करत असे. डावा बचावपटू फिलिपे लुईस त्याच्या पाठीमागून धावत पुढे जाई, तेव्हा तुरान त्याच्यासाठी वेळ विकत घेत असे, असे मला नेहमी वाटे.

त्या चार वर्षांतली संघाची कमाई अशी: मे २०१२ मध्ये बुखारेस्टला आत्लेतिक बिल्बाओचा ३-० पराभव करून युरोपा लीग, त्याच वर्षी चेल्सीला ४-१ हरवून सुपर कप, २०१३ मध्ये रेआल माद्रिदच्याच मैदानावर २-१ ने कोपा देल रे हा स्पेनचा चषक (शेजाऱ्यांवरचा तो १९९९ नंतरचा पहिला विजय होता), आणि २०१४ मध्ये अठरा वर्षांनी लीगचे विजेतेपद. आत्लेतिकोच्या चाहत्यांनी त्याच्या दाढीचे चित्र असलेले सदरे काढले आणि त्याच्या भक्तीला 'आर्दातुरानिस्मो' असे नावही ठेवले.

जुलै २०१५ मध्ये तो बार्सेलोनाकडे गेला. ३ कोटी ४० लाख युरो आणि वर ७० लाखांपर्यंतची जोड रक्कम. त्यानंतरचे सर्व काही उताराचे आहे. माझे मत असे की हा उतार त्याच्या पायांत आला नव्हता. ज्या संघाकडे चेंडू आधीच असतो, त्या संघाला चेंडू टिकवणारा विंगर उपयोगाचा नसतो. आपणा सर्वांची मते वाचायला आवडतील.

उत्तररात्र

धाग्याबद्दल मनापासून आभार. बाझेलचा तो सामना आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू झाला होता आणि संपला तेव्हा दोन वाजून गेले होते. झोपलेल्या घरात ओरडता येत नव्हते, म्हणून मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो होतो.

त्याच स्पर्धेतल्या पुढच्या सामन्याचा उल्लेख राहिला, तो करतो. १५ जून रोजी जिनिव्हात चेक प्रजासत्ताक २-० ने पुढे होते आणि सव्वा तास झाला होता. तुर्कस्तानचा पहिला गोल तुरानने केला. शेवटच्या चार मिनिटांत निहातने दोन गोल केले. त्यांतला पहिला पेत्र चेकसारख्या गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटल्यामुळे झाला. लोकांना निहात आठवतो, ते योग्यच आहे, परंतु तुरानचा तो ७५ व्या मिनिटाचा गोल झाला नसता तर पुढचे काहीच घडले नसते. व्हिएन्नात क्रोएशियाविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमध्ये तुर्कस्तानची पहिली पेनल्टीही एकवीस वर्षांच्या या मुलानेच मारली आणि ती आत गेली. जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मात्र पिवळ्या कार्डांमुळे त्याला बसावे लागले, आणि तुर्कस्तान ९० व्या मिनिटाला लामच्या गोलाने ३-२ असे हरले. तो असता तर काय झाले असते, हा प्रश्न मला आजही पडतो.

रंकाळा

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तिथल्या संघांचे सामने बघत वाढलो. आमच्याकडे विंगरने चेंडू घेऊन थांबलेले प्रेक्षकांना अजिबात खपत नाही. साइडलाइनला चेंडू मिळाला की गॅलरीतून "काढ, काढ" असा एकच गलका होतो आणि थांबला तर शिव्या बसतात. त्यामुळे आपला मुद्दा समजून घ्यायची इच्छा आहे, पण शंका अशी की चाल मंद करणे हा विंगरचा दोषच नव्हे काय? थांबल्याने समोरच्या बचावालाही मागे येऊन रांग लावायला वेळ मिळतो. मग नेमका फायदा कोणाचा?

नदीकाठ

रंकाळा, शंका अगदी रास्त आहे आणि तिचे उत्तर संघ कोणता यावर अवलंबून आहे. ज्या संघाला गोलाची घाई आहे त्याला थांबणारा विंगर अडचणीचा. ज्या संघाला आपली रांग मोडू न देता पुढे सरकायचे आहे त्याला तो वरदान.

तुरानची पद्धत मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे, ती जमेल तशी सांगतो. उंच आलेला चेंडू तो छातीवर किंवा मांडीवर घेऊन साइडलाइनच्या अगदी कडेला उतरवत असे, म्हणजे एका बाजूने कोणी येण्याची शक्यताच उरत नसे. मग पाठ बचावपटूकडे, गुडघे वाकलेले, कंबर मागे काढलेली. बचावपटू ढकलत राही आणि तो त्या ढकलण्याच्याच जोरावर किंचित फिरत राही. पायाच्या तळव्याने चेंडू मागे ओढायचा, पुन्हा आतल्या बाजूने पुढे न्यायचा. दुसरा बचावपटू मदतीला आला की त्याने सोडलेल्या जागेत साधा, आखूड पास. नाही आला तर पहिला कंटाळून पाय घालतो आणि फ्री किक मिळते. दोन्ही प्रकारांत आत्लेतिकोचा संघ तीस मीटर पुढे सरकलेला असे, आणि त्या काळात फ्री किक किंवा कॉर्नर मिळणे म्हणजे गोदिन, मिरांदा आणि कोस्ता यांच्या डोक्यावर चेंडू टाकण्याची संधी. त्यांचे कितीतरी गोल असे आले आहेत.

गोल करण्यातही त्याची जागा हेरण्याची नजर होती. ३० एप्रिल २०१४, चेल्सीचे मैदान स्टॅमफर्ड ब्रिज, चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, दुसरा सामना. आत्लेतिको २-१ ने पुढे. ७२ व्या मिनिटाला उजवीकडून हुआनफ्रानचा क्रॉस आला. डावीकडचा तुरान दूरच्या खांबापाशी कधी पोहोचला हे चेल्सीच्या बचावाला कळले नाही. त्याचे हेडर आडव्या दांड्याला लागून खाली आले, आणि चेंडू कुठे पडणार हे सर्वांच्या आधी त्यालाच उमजले होते, त्यामुळे त्याने शांतपणे पाय लावला. १९७४ नंतर आत्लेतिको प्रथमच त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गेला.

गच्ची

लेख आवडला, पण बार्सेलोनाविषयीचा निष्कर्ष मला घाईचा वाटतो आणि माझा विरोध थोडा विस्ताराने नोंदवतो.

पहिली गोष्ट, बंदीची. अल्पवयीन परदेशी खेळाडूंच्या नोंदणीत नियम मोडल्याबद्दल फिफाने बार्सेलोनावर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी घातली होती आणि ती २०१५ च्या अखेरपर्यंत होती. क्लबला खेळाडू विकत घेता येत होते, उतरवता येत नव्हते. म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षी, ऐन भरात असलेला खेळाडू सहा महिने फक्त सराव करत राहिला. मधल्या काळात रफिन्या जखमी झाला तेव्हा त्याच्या जागी तुरानची नोंदणी करू द्यावी, अशी विनंती क्लबने केली आणि फिफाने ती नाकारली. त्यातच करार झाला तेव्हा क्लबच्या अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर होती. नव्या अध्यक्षाला तो नको असेल तर २० जुलैपर्यंत त्याला दहा टक्के कमी रकमेत आत्लेतिकोला परत देता येईल, असे कलम त्या करारात होते. आपल्याला हवे आहे की नको हे दोन आठवडे अधांतरी आहे, हे मनात घेऊन एखादा माणूस नव्या शहरात पाऊल ठेवतो, याचा विचार व्हायला हवा.

त्या सहा महिन्यांत त्याला खरे सामने मिळाले ते फक्त देशाकडून. सप्टेंबर २०१५ मध्ये कोन्यात तुर्कस्तानने नेदरलँड्सला ३-० हरवले त्यात त्याचा गोल होता. पाय शाबूत होते, हे आपले म्हणणे इथे खरे ठरते.

दुसरी गोष्ट, आकडे. २०१६-१७ च्या हंगामात त्याने सर्व स्पर्धा मिळून ३० सामन्यांत १३ गोल केले. डिसेंबर २०१६ मध्ये बोरुसिया म्योन्शेनग्लाडबाखविरुद्ध हॅट्ट्रिक, आणि त्याच महिन्यात कोपा देल रेमध्ये एर्क्युलेसविरुद्ध दुसरी. आत्लेतिकोच्या कोणत्याही हंगामात त्याचे इतके गोल नाहीत. जिथे तो "उपयोगाचा नव्हता" तिथेच त्याने सर्वाधिक गोल केले, याचा अर्थ काय लावायचा? मला वाटते तो उपयोगाचा होता, पण त्याच्या जागेवर नेयमार होता. प्रशिक्षक लुईस एन्रिकेने त्याला कित्येकदा मधल्या फळीत, इनिएस्ताच्या जागी खेळवले. तिथे पाठ वळवून चेंडू धरायला साइडलाइन नसते, चारी बाजूंनी माणसे येतात. मोकळी डावी बाजू मिळाली तेव्हा त्याने गोल केले. दोष जागेचा होता, स्वभावाचा किंवा शैलीचा नव्हता.

कातळशिल्प

आपण सर्व जण फक्त मैदानावरच्या कारणांविषयी बोलत आहात, म्हणून लिहितो. मला अर्दा तुरानचा खेळ फार आवडत असे, आणि म्हणूनच हे लिहिणे जड जाते.

जानेवारी २०१५ मध्ये बार्सेलोनाविरुद्धच्या कोपाच्या सामन्यात पायातून निघालेला बूट त्याने लाइन्समनच्या दिशेने फेकला. पिवळ्या कार्डावर निभावले. त्याच एप्रिलमध्ये रेआल माद्रिदविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत ७६ व्या मिनिटाला त्याला दुसरे पिवळे कार्ड मिळाले, आणि दहा जणांच्या आत्लेतिकोवर ८८ व्या मिनिटाला गोल झाला. युरो २०१६ मध्ये कर्णधार असताना नीसमध्ये स्पेनविरुद्ध त्याच्याच चाहत्यांनी त्याच्या प्रत्येक स्पर्शाला शिट्ट्या वाजवल्या. तो प्रसंग पाहताना मात्र माझे मन त्याच्या बाजूने होते. संघ हरत असताना एकाच माणसावर सारा राग काढणे न्याय्य नव्हते. जून २०१७ मध्ये राष्ट्रीय संघाच्या विमानात तो एका ज्येष्ठ पत्रकाराच्या अंगावर गेला आणि त्यानंतर त्याने राष्ट्रीय संघ सोडला. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक लुचेस्कूने त्याला त्याच वर्षी परत बोलावले. शंभर सामने पूर्ण झाले, सतरा गोल झाले, पण कर्णधारपदाचा तो मान परत आला नाही.

बार्सेलोनाने जानेवारी २०१८ मध्ये त्याला अडीच वर्षांसाठी इस्तंबूलच्या बशाकशेहिर क्लबला उसना दिला. मे महिन्यात सिवासस्पोरविरुद्ध त्याने सहायक पंचाला ढकलले आणि १६ सामन्यांची बंदी ओढवून घेतली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इस्तंबूलमध्ये रात्री झालेल्या मारामारीचे प्रकरण न्यायालयात गेले. २०१९ मध्ये त्याला दोन वर्षे आठ महिन्यांहून थोडी अधिक अशी स्थगित शिक्षा झाली. जानेवारी २०२० मध्ये बशाकशेहिरशी त्याचा संबंध संपला, आणि त्याच हंगामात तो क्लब इतिहासात प्रथमच तुर्कस्तानचा विजेता झाला.

एकतीस, बत्तीस, तेहतीस. तुरानसारख्या वेगावर न विसंबणाऱ्या खेळाडूची ही उत्तम वर्षे असतात. ती अशी गेली. यात बार्सेलोनाच्या चेंडूधारणेचा संबंध फार थोडा आहे.

नदीकाठ

गच्ची, २०१६-१७ च्या आकड्यांबाबत आपण माझी चूक दाखवलीत आणि ती मी मान्य करतो. मी गोल मोजायचे नाहीत असे म्हणत म्हणत बार्सेलोनाच्या बाबतीत मात्र तो खेळत नव्हता एवढ्यावरच थांबलो. जागेचा मुद्दा मला पटतो. फक्त एक गोष्ट राखून ठेवतो: त्या १३ गोलांमध्ये दोन हॅट्ट्रिक आहेत, एक गटाचा निकाल आधीच लागल्यानंतरच्या सामन्यात आणि एक खालच्या श्रेणीतल्या संघाविरुद्ध. मोठ्या रात्री त्याला बाकावरच बसावे लागले. पुढच्या हंगामात वाल्वेर्दे हा नवा प्रशिक्षक आल्यावर त्याला एकही सामना मिळाला नाही.

कातळशिल्प, आपण मांडलेले प्रसंग मी मूळ लेखात टाळले होते, ते बरोबर नव्हते. मी त्यांचे समर्थन करणार नाही. मला एवढेच जोडायचे आहे की हे बहुतेक प्रसंग तो नियमित खेळत नसतानाचे आहेत, आणि जे खेळत असतानाचे आहेत, म्हणजे बूट आणि लाल कार्ड, ते आत्लेतिकोतल्या शेवटच्या वर्षातले आहेत. २०१४ च्या विजयानंतर कोस्ता गेला, फिलिपे लुईस गेला, कुर्त्वा गेला. ज्या माणसांसाठी तो चेंडू धरत होता त्यांतली निम्मी निघून गेली होती. त्याच्या चिडचिडीचा काही भाग तिथला असावा, असा माझा अंदाज आहे.

उत्तररात्र

तुर्की विंगर म्हटले की माझ्या पिढीला हसन शाश आठवतो. २००२ च्या विश्वचषकात उल्सानमध्ये ब्राझीलविरुद्ध पहिल्या अर्धाच्या शेवटी डाव्या पायाने मारलेला त्याचा गोल पाहून आम्ही तुर्कस्तान नकाशावर कुठे आहे ते शोधले होते. तो सामना ब्राझील २-१ ने जिंकले, पण तुर्कस्तान त्या स्पर्धेत तिसरे आले आणि शाशला स्पर्धेच्या सर्वोत्तम संघात स्थान मिळाले. शाश अंगावर धावून येणारा, दोन पावलांत बचावपटूला ओलांडणारा. कोल्हापूरच्या गॅलरीने त्याला डोक्यावर घेतले असते. गालातासारायच्या त्याच डाव्या बाजूवर दोघांची काही वर्षे एकत्र गेली, कारण शाश २००९ पर्यंत तिथे होता. इतके वेगळे दोन विंगर एकाच ड्रेसिंगरूममध्ये होते, याचे मला कौतुक वाटते.

सहावा_मजला

त्याच्या प्रशिक्षकपदाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो. ऑगस्ट २०२० मध्ये तो गालातासारायला परतला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. एप्रिल २०२३ मध्ये इस्तंबूलच्याच एयुपस्पोरने त्याला प्रशिक्षक नेमले. हा क्लब शंभरेक वर्षांचा जुना, पण सर्वोच्च लीगमध्ये कधीच न खेळलेला. २०२३-२४ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीचा विजेता होऊन वर चढला आणि वरच्या लीगमधल्या पहिल्याच वर्षी सहावा आला.

आश्चर्य याचे वाटते की त्याचा संघ सिमेओनेसारखा खेळला नाही. एयुपस्पोर स्वतःच्या गोलापासून आखूड पास देत चेंडू वर आणत असे. बार्सेलोनातल्या ज्या वर्षांना आपण वाया गेलेली म्हणतो, त्या वर्षांत तो सरावाच्या मैदानावर रोज काय पाहत होता, हे तिथे दिसत होते. शाख्तारचाही तोच बाणा आहे, आणि त्या क्लबला ही घडण दिली ती लुचेस्कूने, बारा वर्षे तिथे राहून. राष्ट्रीय संघात तुरानला परत घेणारा तोच लुचेस्कू. २००९ मध्ये त्याच्या शाख्तारने युएफा कप जिंकला तो सामना इस्तंबूलमध्येच झाला होता. २०१४ पासून युद्धामुळे शाख्तारला दोनेत्स्कमध्ये एकही घरचा सामना खेळता आलेला नाही. अशा क्लबची जबाबदारी घेणे सोपे नाही, त्याला मनापासून शुभेच्छा.

रंकाळा

चर्चा वाचून बरेच शिकायला मिळाले. माझी शंका फिटली, पण आता नवी आली आहे. २४ मे २०१४ चा लिस्बनचा अंतिम सामना मी पाहिला होता. रेआल माद्रिदविरुद्ध आत्लेतिको १-० ने पुढे होता आणि ९३ व्या मिनिटाला रामोसने कॉर्नरवर हेडर मारून बरोबरी केली, पुढे अतिरिक्त वेळेत ४-१. त्या सामन्यात तुरान कुठे होता?

नदीकाठ

तो खेळू शकला नाही. त्याचे कारण एक आठवडा आधीचे आहे.

१७ मे रोजी बार्सेलोनाच्या काम्प नोउ मैदानावर लीगचा शेवटचा सामना होता, आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. बार्सेलोना जिंकली असती तर विजेतेपद तिचे, बरोबरी झाली तर आत्लेतिकोचे. १६ व्या मिनिटाला दिएगो कोस्ता मांडी धरून बाहेर गेला. सात मिनिटांनी तुरान कंबरेच्या दुखापतीने खाली बसला आणि त्यालाही जावे लागले. कॅमेरा बाकाकडे वळला तेव्हा दोघेही रडत होते. दहा मिनिटांत अलेक्सिसने बार्सेलोनाला पुढे नेले. दुसऱ्या अर्धात कॉर्नरवर गोदिनने हेडरने बरोबरी केली आणि ती टिकली. आत्लेतिकोचे ९० गुण, मागच्या दोघांचे प्रत्येकी ८७. तुरानला पदक मिळाले, पण कंबर लिस्बनपर्यंत बरी झाली नाही.

आपला प्रश्न वाचून काल मी लिस्बनच्या सामन्याची शेवटची वीस मिनिटे पुन्हा पाहिली. कोस्ताला दुखापतीसह उतरवले होते आणि तो नवव्या मिनिटालाच बाहेर गेला, म्हणजे एक बदल तिथेच संपला. ८३ व्या मिनिटाला फिलिपे लुईसही लंगडत गेला आणि तिसरा बदल संपला. त्यानंतर आत्लेतिकोचा प्रत्येक माणूस चेंडू मिळाला की तो शक्य तितका लांब मारत होता. तो रेआलच्या बचावपटूंकडे पडत होता आणि लगेच परत येत होता. भरपाईची पाच मिनिटे दाखवली गेली तेव्हा आत्लेतिकोचे दहा जण स्वतःच्या पेनल्टी क्षेत्राभोवती होते. पुढे, डावीकडे, साइडलाइनला लागून गवताचा एक मोठा रिकामा पट्टा दिसत होता. चेंडू दोनदा तिथे जाऊन पडला आणि दोन्ही वेळा तिथे आत्लेतिकोचे कोणीही नव्हते.